अक्काचे हात आणि पांढरे ट्रे

आमच्या कॉलेजच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलंय की आमच्याकडे ‘परंपरागत छायाचित्रणाची सुसज्ज डार्करूम’ आहे. त्या सुसज्ज खोलीला खिडकी नव्हती, पंखा नव्हता, आणि आतली ट्यूबलाइट मी प्रवेश घ्यायच्या आधीच गेली होती. नव्या ट्यूबचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर विश्रांती घेत होता. त्यामुळे खोलीत दिवा एकच, लाल. फोटो धुताना लाल, झाडू मारताना लाल, विसरलेला डबा शोधायला गेलं तरी लाल. एवढा लाल रंग मी आमच्या डाव्या विद्यार्थी संघटनेच्या कचेरीतही पाहिला नव्हता.

मी बिदरच्या मैलूरची. गुलबर्ग्याला आले ती चित्रकला शिकायला. पहिल्याच वर्षी संघटनेत गेले आणि चित्रांपेक्षा पत्रकं जास्त काढायला लागले. कुठं अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो, मग राग येतो. हा क्रम चुकीचा आहे हे मला उशिरा कळलं. कसं कळलं, तेच सांगायचंय.

सगळं जग मोबाइलवर फोटो काढायला लागल्यावर आमच्या कॉलेजला फिल्मची आठवण झाली. शहरातला एक जुना स्टुडिओ बंद पडत होता. तिथला एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो कागदावर उतरवायचं यंत्र, कॉलेजनं उचलून आणलं. सोबत चार ट्रे, बाटल्या, तो लाल दिवा, आणि त्या स्टुडिओत वीसेक वर्षं फोटो धुणारी अक्का. स्टॉक रजिस्टरात एन्लार्जरला नंबर मिळाला, ट्रेंनाही मिळाले. अक्काला ‘तात्पुरती मदतनीस’ हे पद मिळालं. तात्पुरती म्हणजे कधीपर्यंत, हे विचारायचं नसतं.

अक्का पन्नाशीची. आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याहून रोज एसटीनं यायची. माझ्याशी मराठीत बोलायची, सेकंद कानडीत मोजायची आणि शिव्या दखनीत द्यायची. पहिल्या ट्रेत डेव्हलपर, त्यात कोऱ्या कागदावर चित्र उमटतं. दुसऱ्यात आंबट पाणी, उमटणं थांबवायला. तिसऱ्यात हायपो, चित्र पक्कं करायला. चौथ्यात साधं पाणी. एवढंच तर आहे, असं आम्हा विद्यार्थ्यांना वाटायचं. पण आम्ही धुतलेल्या फोटोत माणसं कोळशाच्या खाणीतून आल्यासारखी दिसायची आणि त्याच निगेटिव्हवरून अक्कानं धुतलेल्या फोटोत आजीच्या पातळाचे काठ मोजता यायचे. सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, प्रदर्शनात लावलेले सगळे ‘विद्यार्थ्यांचे’ फोटो अक्काच्या हातचे होते. खाली नावं आमची.

आणि ते हात. ट्रेमधून कागद उचलायला प्लास्टिकचे चिमटे असतात. स्टुडिओतून सामान हलवताना ते कुठंतरी राहिले आणि कुणाला त्यांची उणीव भासली नाही, कारण अक्काला दहा बोटं होती. नखं तपकिरी, बोटांची टोकं काळपट, आणि पेरांवर काळ्या रानाला उन्हाळ्यात पडतात तशा भेगा. त्यांतून पाणी यायचं, खाज सुटायची. घरी सुनेनं तिच्या हातातली परात काढून घेतली होती, कारण पिठात रक्त लागायचं. कॉलेजात निदानांचा तुटवडा नव्हता. सरांचं निदान उष्णता, लिपिकाचं निदान साबण, ग्रंथपालबाईंचं निदान वय. उपाय मात्र एकमतानं ठरला होता, खोबरेल तेल.

‘‘अक्का, हे औषधांनी होतंय. तू हे काम सोड,’’ मी एकदा म्हणाले.

‘‘सोडून काय करू?’’

‘‘दुसरं काहीतरी.’’

‘‘भाकरी सून थापंल पोरी. फोटू कोण धुणार? तू?’’ आणि माझा आदल्या दिवशीचा फोटो दोन बोटांत धरून तिनं उजेडाकडं नेला. ‘‘ह्या बाईला डोळे हुते का गं?’’

तर अक्काला काय हवं होतं ते स्वच्छ होतं. हात बरे व्हायला हवे होते आणि डार्करूमही सुटायला नको होती. दोन्ही. हे मी ऐकलं होतं. ऐकलं आणि पत्रक काढलं.

पत्रक झकास होतं. आठवडाभर वाचून मी बारा नियम लिहिले. उघड्या हातानं रसायनाला शिवू नये. हातमोजे घालावेत. अ‍ॅसिड पाण्यात ओतावं, अ‍ॅसिडवर पाणी कधीही ओतू नये. रसायनं पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ठेवू नयेत. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये, विषारी वायू होतो. खोलीत हवा खेळती ठेवावी. असं बारापर्यंत. वर मथळा, खाली मूठ. आमची पत्रकं जिथं छापली जातात त्या प्रेसचा मालक शाई कुठली म्हणून विचारतसुद्धा नाही. आमचं सगळं लाल असतं. पांढऱ्याशुभ्र जाड कागदावर लालभडक अक्षरं छापून आली. धोक्याचा रंग, लढ्याचा रंग, एकदम शोभून दिसत होतं.

भर दुपारी दार सताड उघडं ठेवून मी ते मोरीच्या वर चिकटवलं. सरांनी माझ्याशी हात मिळवला, त्याचा मोबाइलवर फोटो काढला गेला. ‘‘सुरक्षेच्या बाबतीत आपला विभाग फार जागरूक आहे,’’ असं सर म्हणाले. हातमोज्यांचा विषय काढल्यावर म्हणाले, ‘‘पोस्टर लावलंस ना? आता हळूहळू होतंय सगळं.’’

हातमोजे आले, खोटं कशाला बोलू. महिन्याभरानं आले. एक जोड, जीवशास्त्र विभागातून उसना, कुठल्यातरी पैलवानाच्या मापाचा. अक्का ते घालून कागद धरायला गेली तर मोज्याची बोटं डेव्हलपरमध्ये आणि तिची बोटं मोज्याच्या तळव्यात. वरून औषध आत शिरलं ते वेगळंच. तिनं ते काढून खुंटीला टांगले. पत्रकाबद्दल मी विचारलं, ‘‘कसं झालंय?’’

‘‘कागद चांगलाय. जाड हाय,’’ अक्का म्हणाली. ‘‘भिताडाला तिथंच ओल यायलती, झाकली.’’

मला तो विनोद वाटला. मी हसले.

मग समिती आली. म्हणजे येणार असं ठरलं. कॉलेजला वरचा दर्जा द्यायचा की नाही हे बघायला बाहेरची तपासणी समिती येते, तेव्हा कॉलेजात जे जे घडतं ते सगळं घडलं. व्हरांडा रंगवला गेला. कुंड्या भाड्यानं आल्या. ज्या संडासाला कडी नव्हती त्याला कुलूप लागलं. आदल्या दिवशी सर डार्करूमच्या दारात आले, मागून बाहेरचा उजेड आत पडला आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ट्रे दिसले.

‘‘अय्यो, हे काय हे? इतके घाण?’’

‘‘घाण न्हाई सर,’’ अक्का म्हणाली. ‘‘रोज धुतेले हायती. डाग हायती ते.’’

‘‘डाग म्हणजे घाणच की री.’’

अक्कानं समजावून सांगितलं. पहिला ट्रे काळा-तपकिरी म्हणजे तो डेव्हलपरचा. पिवळट तो आंबट पाण्याचा. तळाला राखाडी-चंदेरी पापुद्रा तो हायपोचा. लाल उजेडात, ओल्या हातानं काम करताना ट्रे ओळखायची हीच खूण. एकदा डेव्हलपरचा तो कायम डेव्हलपरचाच, ही स्टुडिओची शिस्त. डागांनी फोटोचं काही बिघडत नाही. हायपोचे चार थेंब डेव्हलपरमध्ये गेले तर सगळं बिघडतं.

‘‘बरोबर आहे, बरोबर आहे,’’ सर म्हणाले. ‘‘पण अक्का, स्वच्छता दिसली पाहिजे.’’

‘‘दिसली पाहिजे की असली पाहिजे?’’ मी विचारलं.

‘‘तू आत्ता मध्ये बोलू नको, लीडर. उद्यापर्यंत पांढरे पाहिजेत. दुधासारखे.’’

एवढ्यावर मी काय केलं? काही नाही. मला वाटलं, घासू दे, ट्रेच तर आहेत. शिवाय दुसऱ्या दिवशी मला गेटवर उभं राहायचं होतं. एका कारखान्यातल्या कामगारांना हातमोजे मिळत नव्हते, त्यासाठी आम्ही सह्या गोळा करत होतो.

हो, हातमोज्यांसाठीच. हसा.

पुढचं मी नंतर तुकड्यातुकड्यानं गोळा केलं. सकाळी स्टोअरमधून अक्काला ब्लीचिंग पावडर मिळाली, पाण्याच्या टाकीत टाकतात ती. तिनं चारही ट्रेंत पाणी भरून पावडर कालवली आणि भिजत ठेवले. दोन तासांनी सर बघून गेले. काळा ट्रे अजून तपकिरी होता. मग स्टोअरमधून अ‍ॅसिडची बाटली आली. आमच्याकडं घराघरांत फरशीचे डाग काढायला हे अ‍ॅसिड असतं, त्यात कुणालाच काही वाटत नाही. वासही येत होता ब्लीचिंगचा, म्हणून सरांनी जाता जाता सांगितलं, दार लावून घ्या, व्हरांड्यात येतोय, नवीन रंग आहे, पाहुणे यायलेत. अक्कानं दार लावलं. सवयीनं आतून कडी घातली, कारण डार्करूमचं दार कुणी अचानक उघडलं तर उजेडानं कागद वाया जातात. कागद त्या दिवशी नव्हते, पण सवय होती. मग त्या लाल अंधारात तिनं भिजलेल्या ट्रेवर अ‍ॅसिड ओतलं.

जे वर येतं ते हिरवट-पिवळं असतं म्हणतात. लाल दिव्यात ते दिसत नाही.

मी सह्यांचा कागद संपला म्हणून आत आले होते. व्हरांड्यात कुंड्यांमधून चालताना खोकला ऐकू आला. साधा नव्हता, आतून फाटल्यासारखा. मी दार बडवलं. ‘‘अक्का! अक्का, कडी काढ!’’

आत काहीतरी पडलं. मग कडी निघाली आणि अक्का कमरेत वाकून, पदर तोंडात कोंबून बाहेर आली. डोळ्यांतून पाणी. मी आत डोकावायला गेले तर तिनं मला कोपरानं ढकललं. ‘‘जाऊ नकू आत.’’ आत सांडलेलं अ‍ॅसिड शहाबादी फरशीच्या मोरीवर चरचर फेसाळत होतं, ते मला ऐकू येत होतं. वासानं मलाही ठसका लागला. मी दार उघडंच टाकलं आणि तिला पायऱ्यांवर आणून बसवलं, वाऱ्याला.

सर धावत आले. ‘‘दार! दार लावा ते! सगळीकडं वास पसरतोय!’’

मी त्यांना जे म्हणाले ते पत्रकात छापता येत नाही.

अक्काला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं तिला नळी लावून हवा दिली, रात्रभर ठेवून घेतलं. वेळेत बाहेर आली म्हणून वाचली, छाती दोन-चार दिवस दुखेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष हातांकडं गेलं. दोन्ही हात उलटेसुलटे करून त्यांनी नीट पाहिले. काय काम करता, कशात हात घालता, किती वर्षं, सगळं विचारलं. खोबरेल तेलाचं नाव कुणी काढलं नाही, हा पहिलाच प्रसंग.

डेव्हलपरमध्ये मेटॉल नावाची पावडर असते, तिच्याशी कातडीचं वैर जमलंय, असं त्या म्हणाल्या. एकदा वैर जमलं की एक थेंबही पुरतो. ‘‘हात वाचवायचे असतील तर त्याला पुन्हा शिवायचं नाही. हातमोजे घालूनसुद्धा मला खात्री वाटत नाही.’’

अक्कानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची पिशवी आणायला डार्करूममध्ये गेले. वास उरला नव्हता. दार मागं आपोआप लागलं, लाल दिवा तसाच जळत होता. मोरीच्या वर भिंतीला एक कोरा कागद होता. माझं पत्रक कुणी काढून नेलं, या विचारानं मी चांगलीच तापले. कागदावर हात फिरवला तर बोटाला शाईचे उंचवटे लागले. दार उघडलं. बारा नियम, मथळा, मूठ. दार लावलं. कोरा कागद. लाल दिव्यात पांढरा कागदही लाल दिसतो आणि लाल अक्षरंही लालच. चित्रकला शिकायला आलेल्या मुलीला हे ठाऊक असायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या पेपरात असतं.

पिशवी घेऊन मी दवाखान्यात गेले. ‘‘तुला माहीत होतं? ते दिसत नाही म्हणून?’’

‘‘पयल्या दिवसापासून.’’

‘‘मग सांगितलं का नाहीस?’’

‘‘किती खुशीत हुतीस. फोटू काढायलते तुझा.’’

‘‘अक्का, त्यात लिहिलं होतं. ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड एकत्र करू नये. पाचवा नियम.’’

ती बराच वेळ खोकली. मग म्हणाली, ‘‘पाचवा? पयला कामून न्हाई लिवलास?’’

एवढं झाल्यावर माणसानं गप्प बसावं. मी अर्ज लिहिला. ‘सदर महिला कामगारास घातक रसायनांपासून तात्काळ दूर करण्यात यावे.’ अक्काला न विचारता लिहिला, कारण डॉक्टरबाई बोलल्याच होत्या आणि मथळा तयार होता. आमच्या कॉलेजात ट्यूबलाइटच्या अर्जाला वर्षं लागतात. हा अर्ज एका दिवसात मंजूर झाला. सरांनी मला बोलावून चहा पाजला. अपघात रजिस्टरात लिहायची गरज नाही ना, असं हळूच विचारलं. अक्काला ग्रंथालयाच्या दाराशी, विद्यार्थ्यांच्या चपला-पिशव्या राखायला बसवलं. संघटनेच्या बैठकीत माझं अभिनंदन झालं. मी ते स्वीकारलं, हेही लिहून ठेवते.

अक्का दोन दिवस त्या स्टुलावर बसली. मी समोरून गेले तर माझ्याकडं बघायची नाही. तिसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

समिती मात्र आठवडाभर उशिरानं का होईना, आली. ट्रे दुधासारखे पांढरे होते. चारही एकसारखे. आमच्या वर्गातल्या तिघांनी फोटो धुऊन दाखवायचं ठरलं होतं. कुठल्या ट्रेत काय ओतलंय यावर त्यांच्यात कुजबुज झाली आणि बहुमतानं कागद आधी हायपोत गेला. मग तो कितीही हलवला तरी कोराच. समितीतले एक गृहस्थ चष्मा वर करून बघत राहिले. सर म्हणाले, ‘‘हे अमूर्त शैलीतलं काम आहे.’’ गृहस्थांनी मान डोलावली. अहवालात ‘स्वच्छता उल्लेखनीय’ असा शेरा आला. शिवाय, पुढच्या भेटीत विद्यार्थ्यांनी धुतलेल्या फोटोंचं मोठं प्रदर्शन बघायला आवडेल, अशी अपेक्षा. ही अपेक्षा वाचून सरांचा चेहरा कसा झाला ते बघायला मी मुद्दाम गेले होते. समाधान झालं.

पण त्यानं अक्का परत येणार नव्हती. रविवारी मी आळंदमार्गे मादन हिप्परग्याला गेले. अक्का ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. हात थोडे बरे दिसत होते, भेगा मिटत आल्या होत्या. मी म्हणाले, ‘‘बघ, बरं वाटतंय की नाही?’’

‘‘वाटायलंय की. चपला राखून कुणाचे हात बिघडत न्हाईत.’’

‘‘डॉक्टर म्हणाल्या म्हणून मी…’’

‘‘डॉक्टर मला म्हणली. तुला न्हाई.’’ तिनं सूप खाली ठेवलं. ‘‘तुझ्या अर्जात माझं नाव हुतं. सही हुती का माझी? इचारलंस मला? तू बी त्या सरावानीच. त्येनं ट्रे पांढरे केले, तू मला पांढरी केलीस.’’

मी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. मला वाटतं त्या वर्षात मी केलेलं एवढंच एक काम निर्दोष होतं.

सुनेनं चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर अक्काच सांगायला लागली. स्टुडिओमालकाच्या बायकोला असंच झालं होतं, फार पूर्वी. तेव्हा मालकानं घरच्या वापरासाठी वेगळं औषध कालवायला सुरुवात केली. ‘‘त्यात ती मेटॉलची पावडर नव्हती. दुसरीच एक, चिमटीभर लागायची. आन चघळायच्या आंबट गोळ्या असत्यात बघ, तसली पावडर. आन धुण्याचा सोडा. फोटू जरा सावकाश यायचा. पण यायचा.’’

‘‘हे तू डॉक्टरांना विचारलंस?’’

‘‘इचारलं की. शुक्रवारी गेलते. तू एकटीच जातीस व्हय दवाखान्यात?’’

डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं होतं, ते औषध घेऊन या, आधी दंडाला थेंब लावून बघू. ते आणायचं कुठून, एवढाच प्रश्न राहिला होता. तेवढ्यासाठी माझा उपयोग होता. मी शोधलं. ती चिमटीभर पावडर फेनिडोन, आंबट पावडर म्हणजे व्हिटॅमिन सी. मिळतात. कॉलेज ज्या दुकानातून मेटॉल मागवतं त्याच दुकानात मिळतात. इतकी वर्षं कुणी मागितल्या नव्हत्या.

नवा अर्ज ओट्यावर बसून लिहिला. अक्का सांगत होती, मी लिहीत होते, आणि मध्येच एखादा जोरकस शब्द घातला की ती म्हणायची, ‘‘हे काय? हे काढ.’’ मेटॉल नसलेला डेव्हलपर. चार ट्रेंना चार चिमटे, एकाचा दुसऱ्यात नाही. बाईमाणसाच्या मापाचे, कोपरापर्यंतचे हातमोजे, आणि फाटले की नवे. भिंतीतून हवा ओढणारा पंखा, त्याला वाकडा पाइप, म्हणजे हवा जाईल आणि उजेड येणार नाही. पांढरा दिवा. ट्रेंच्या कडांना हातानं चाचपून कळतील अशा खाचा, एक, दोन, तीन, चार. अ‍ॅसिडची बाटली ह्या खोलीत येणार नाही. वापरलेला हायपो गटारात जाणार नाही, त्यात चांदी उतरलेली असते, तो कॅनमध्ये साठवायचा. आणि झालेला अपघात रजिस्टरात लिहायचा. खाली अक्कानं कानडीत सही केली. मी साक्षीदार म्हणून सही करू का विचारलं.

‘‘कर. बारीक कर,’’ ती म्हणाली.

सरांनी अर्ज दोनदा वाचला. ‘‘पण आपण तर तिला वाचवलं होतं ना?’’ असं ते खरोखर म्हणाले. चेहऱ्यावर अजिबात थट्टा नव्हती. मी म्हणाले, ‘‘सर, प्रदर्शन कधी आहे?’’ त्यांनी पेन उचललं. हक्क म्हणून काही मिळालं असतं तर मला आवडलं असतं, पण मिळालं ते अडलं होतं म्हणून. पाइपवाला पंखा बसला. पांढरा दिवा लागला. रजिस्टरातली नोंद ‘किरकोळ वासाचा त्रास’ अशी लिहिली गेली होती, ती मी आणि अक्कानं भांडून बदलून घेतली. त्याला तीन खेपा लागल्या.

थेंबाची परीक्षा दोन दिवस चालली. दंडावर पट्टी बांधलेली, ओली करायची नाही, खाजवायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का म्हणाली, ‘‘जरा चावल्यावानी व्हायलंय.’’ ‘‘दवाखान्यात कधी जायचं ते तू सांग,’’ मी म्हणाले. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली, दंड खिडकीपाशी नेला, भिंगातून पाहिलं. पट्टीच्या चिकटाची लाल चौकट उमटली होती. आतली कातडी तशीच होती.

‘‘चिकटपट्टीचं आहे हे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हातमोजे घालून सुरू करा. दर पंधरवड्याला मला हात दाखवायचे. पुन्हा फुटले तर मात्र बंद.’’

‘‘बंद तर बंद,’’ अक्का म्हणाली. ‘‘तवा मीच सांगन.’’

सोमवारी ती डार्करूममध्ये गेली. नवा डेव्हलपर सावकाश चालतो, म्हणून पहिल्या दिवशी तिचे दोन फोटो काळपट आले आणि तिनं दखनीत त्या आंबट पावडरीच्या खानदानाची विचारपूस केली. चिमट्यानं तिसऱ्या फोटोवर ओरखडा पडला. मी बाहेर नळाखाली ट्रे धूत होते. मला आत घेतलं नव्हतं, गर्दी नको म्हणून. आत पहिल्या वर्षाच्या दोन मुली होत्या. दारातून आवाज आला.

‘‘ए, ए! काढ ते बोट! चिमटा काय सोभंला ठेवलाय व्हय?’’

‘‘अक्का, एकच सेकंद बुडवलं.’’

‘‘मी बी एकच सेकंद बुडवायलते. ईस वर्सं. जा, धू हात. साबणानं. आन येताना मोजे घालून ये, न्हाई तर येऊ नकू.’’

दार उघडलं, ती मुलगी तोंड पाडून बाहेर आली आणि माझ्या शेजारी नळाखाली हात धरून उभी राहिली. मी बाजूला सरकले.